शेणखातं आणि मेणखातं

दौंडात निवृत्त पुरुष दोन प्रकारचे असतात. एक रेल्वेतून निवृत्त झालेले आणि दुसरे राज्य राखीव पोलीस बलातून. पहिल्यांना कुठली गाडी किती लेट आहे ते घरबसल्या कळतं, दुसऱ्यांना सोसायटीत कोण बेशिस्त आहे ते. मी बँकेतून निवृत्त झालो. बँकवाल्याला निवृत्तीनंतर काहीच कळत नाही. नोकरीतही फारसं कळत नव्हतं, पण तिथे मध्ये काउंटरची काच होती.

घरात काच नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार घरातल्या कचऱ्याचे तीन वर्ग पडायचे: ओला, सुका आणि घातक. निवृत्तीनंतर सुरुवातीला बायकोने मला सुक्यात धरलं होतं. कोपऱ्यात ठेवला तर वास येत नाही, जागा तेवढी अडते. पुढे मी फडताळातले सगळे डबे अकारविल्हे लावले. त्यात साखर आणि साबुदाणा शेजारी आले, आणि एका चतुर्थीला रात्री भिजत घातलेला साबुदाणा सकाळी पाण्यात विरघळून गेलेला निघाला. त्या दिवशी माझी बदली घातक वर्गात झाली.

अशा माणसाला काहीतरी काम द्यावं लागतं. मला ते घंटागाडीने दिलं.

घंटागाडीवरच्या मावशी बादली नुसती घेत नाहीत, तपासतात. माझ्या नोकरीत ऑडिटला येणारी मंडळीसुद्धा इतकं खोल बघत नसत.

"काका, ह्यो चहाचा कप ओल्यात कसा?"

"कागदाचा आहे, मावशी. कागद म्हणजे झाड. झाड म्हणजे निसर्ग."

मावशींनी कप फाडला, आतला पापुद्रा नखाने ओढून काढला आणि माझ्या डोळ्यांपुढे धरला. "ह्ये कुठल्या झाडाला लागतंय?"

कागदी कपाला आतून मेण लावतात, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. हल्ली असतो तो प्लास्टिकचा पातळ थर. तो नसता तर चहा कपात कमी आणि पँटवर जास्त राहिला असता. हे ज्ञान मला भर रस्त्यात, समोरच्या बाल्कन्यांच्या साक्षीने मिळालं. तिथल्या तिथे मी मनाशी ठरवलं की यापुढे आपल्या घरचा ओला कचरा गाडीत जाणार नाही. तो गच्चीवर जाईल आणि सोनं होऊन खाली येईल.

पण त्याच सुमारास बायकोनेही काहीतरी ठरवलं होतं. तिच्या बचत गटाने दिवाळीसाठी मेणाच्या पणत्या करायला घेतल्या. ऑर्डर मोठी, म्हणून तयारी भर उन्हाळ्यातच सुरू. आणि 'सगळ्यांत लांब ओटा कुणाचा' या एकमेव निकषावर आमचं स्वयंपाकघर कारखाना म्हणून मंजूर झालं.

लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलेल्या गोष्टीत काऊचं घर शेणाचं असतं आणि चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, मग तो चिऊच्या दारात उभा राहतो आणि चिऊ आतून बाळाची अंघोळ, बाळाची तीट अशी कारणं सांगत राहते. या दोघांचं एकमेकांशी लग्न झालं आणि दोघं टू बीएचकेत राहायला आले तर काय होईल, हे मात्र आजतागायत कुठल्याही आजीने सांगितलेलं नाही. ते आमच्या घरी घडलं. गच्चीवर माझं शेणखातं, ओट्यावर तिचं मेणखातं, आणि दोन्ही खात्यांच्या मधोमध जिन्यात सासूबाई. त्या न्हावऱ्याहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या. एका डोळ्यावर पट्टी होती, पण उरलेल्या डोळ्याने त्यांना दोन्ही खात्यांचा कारभार स्पष्ट दिसत होता.

मी बँकवाला असल्याने सुरुवात कागदपत्रांपासून केली. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या साहेबाने इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात राहून आपल्या शेतकऱ्यांच्या पद्धती नीट पाहिल्या, त्यांना शास्त्राची जोड दिली आणि कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. म्हणजे माझे पणजोबा जे न वाचता करत होते ते साहेबाने लिहून काढलं, आणि पणजोबांचा पणतू ते वाचून आता ऑनलाइन ड्रम शोधत होता. पुढे आपल्या पुसदच्या पांढरीपांडे काकांनी नाडेप टाकी काढली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांची, हवा खेळायला भिंतींना भोकं. मी टेप घेऊन गच्ची मोजली. पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींची वाळवणं हलवली तर नाडेप आरामात बसत होती. टाक्या आणि अँटेना हलवायला सगळे तयार होते. कुरडया हलवायला कुणी तयार होईना. शेवटी मी काळा ड्रम घेतला आणि त्याला भोकं पाडली.

ड्रम गच्चीवर चढला आणि सल्लागार जमले. तळमजल्यावर हवालदारसाहेब राहतात आणि वरच्या मजल्यावर गार्डसाहेब. दोघांनी आयुष्यात कधी खत केलेलं नाही, त्यामुळे दोघांच्या मतांत कमालीचा ठामपणा होता.

"ढीग नुसता उभा करून चालत नाही," गार्डसाहेब म्हणाले. "मनमाडकडून आलेली गाडी पुण्याला काढायची, तर दौंडात इंजिन सोडायचं, फिरवायचं आणि मागच्या टोकाला जोडायचं. इंजिन फिरवायला न लावणारी कॉर्ड लाइन झाली ती आत्ता. आम्ही हयात काढली इंजिनं फिरवण्यात. ढिगाचंही तेच."

ढीग वर-खाली करायचा, एवढाच याचा अर्थ होता, पण तो निघेपर्यंत मनमाडची अख्खी गाडी येऊन गेली.

हवालदारसाहेबांनी ड्रमची पाहणी हात मागे बांधून केली. "ओल्याचा एक थर, सुक्याचे दोन. हजेरी घ्या. कोण गैरहजर?"

"सुका पाला."

"कारण?"

"मिळत नाही."

दौंडातला सुका पाला ही गूढ वस्तू आहे. तुम्हाला नको असतो तेव्हा तो दारात येऊन पडतो, आणि लोक भल्या पहाटे पेटवून धूर अख्ख्या गल्लीला वाटतात. मी पिशवी घेऊन पाला मागायला निघालो, तेव्हा ज्या गृहस्थांनी आयुष्यभर पाला जाळला तेच म्हणाले, "कशाला पाहिजे? काही उपयोग असतो का याचा?" उपयोग असतो म्हटल्यावर त्यांनी फाटक लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पाला पोत्यात भरून पोर्चमध्ये ठेवलेला दिसू लागला. त्याचं ते काय करणार होते हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण दुसऱ्याला उपयोगी पडणारी वस्तू आपल्याकडे असावी, ही माणसाची जुनी आवड आहे.

रांजणगाव एमआयडीसीत नोकरीला असलेला माझा पुतण्या रविवारी येतो. त्याला कुठल्याही गोष्टीचं मूळ कारण शोधायचं प्रशिक्षण मिळालंय. त्याने ड्रमच्या बाजूला तक्ता लटकवला.

"काका, कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण तीसास एक पाहिजे. भाजीच्या देठांत नायट्रोजन भरपूर. तुमचा कार्बन कमी पडतोय."

"त्यांचा पहिल्यापासूनच कमी आहे," आतून आवाज आला.

कार्बन शेवटी मेहुण्याने पुरवला. त्याचा न्हावऱ्याला ऊस आहे. ऊस तुटला की मागे पाचट राहतं. ते जाळू नका म्हणून कृषी खातं वर्षानुवर्षं कंठशोष करतंय. मेहुण्याने पाचटाची पोती टेम्पोत घातली. चौफुल्याच्या रस्त्याने पारगावचा पूल ओलांडून टेम्पो आमच्या दारात आला तेव्हा अख्ख्या सोसायटीला वाटलं की आम्ही म्हैस घेतली.

"दाजी, तिकडं आमाला बिबट्याची काळजी," पोती उतरवता उतरवता मेहुणा म्हणाला, "आन् तुमाला काय, कोबीच्या देठांची!"

आता फक्त कुजायचं राहिलं होतं. पण कचरा कुजेना. कुणीतरी वेस्ट डीकंपोजरचं नाव काढलं. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राने काढलेली वीस रुपयांची बाटली. दोनशे लिटर पाण्यात दोन किलो गूळ घालायचा, त्यात ती सोडायची, रोज काठीने ढवळायचं, की काही दिवसांत झालं द्रावण तयार. मी मापं कमी करून एका बादलीचा हिशेब मांडला आणि गुळाच्या डब्याकडे हात नेला. मागून सासूबाई.

"जावईबापू, ह्यो गूळ कुणाला?"

"जिवाणूंना."

"कुठले पाव्हणे म्हणायचे हे?"

मी जिवाणू म्हणजे काय ते सांगितलं. डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात, कचरा खातात, गोड आवडतं. सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बायकोला हाक मारली, "अगं, ह्यांना घरात बसवून ठिवू नका. कुठंतरी कामाला लावा." केडगावच्या गुऱ्हाळातून आणलेली ती ढेप त्यांनी आपल्या उशाशी नेऊन ठेवली. जिवाणूंना पुढे दुकानातला काळपट गूळ घालण्यात आला. त्यांनी तक्रार केली नाही.

सासूबाईंचा खरा आक्षेप निर्माल्याला होता. देवाची फुलं, दूर्वा, बेल हे बटाट्याच्या सालींशेजारी कसं चालेल? त्यांच्या मते कचऱ्यालाही सोवळं-ओवळं आहे. निर्माल्य सगळ्यांत वर. त्याखाली फळांच्या साली, कारण फळं नैवेद्याला चालतात. मग भाजीची देठं. मग कांदा-लसूण. उष्टं अगदी शेवटी, आणि अंड्याची टरफलं गच्चीवर, पण ड्रमच्या बाहेर, आपल्या जबाबदारीवर. त्यामुळे ड्रमशेजारी निर्माल्याचा वेगळा माठ आला, माठाला स्वस्तिक आलं आणि गच्चीवर येणारे लोक त्याला नमस्कार करू लागले. ड्रमला नमस्कार करायचं कुणाच्या मनात आलं नाही. सगळ्यांत जास्त काम तोच करत होता.

ढिगात हवा गेली तर हवेवर जगणारे जिवाणू काम करतात आणि वास मातीचा येतो. हवा गेली नाही तर बिनहवेचे जिवाणू येतात, आणि ते आले की पाठोपाठ सेक्रेटरी येतात.

"वास येतोय," सेक्रेटरी म्हणाले.

"कंपोस्टला मातीचाच वास असतो."

"मग ही कुठल्या गावची माती?"

त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर 'काही सभासदांच्या छंदांमुळे' अशी सुरुवात असलेला संदेश आला. त्याला चौघांनी अंगठा दाखवला. त्यातला एक अंगठा बायकोचा होता. चुकून लागला, असं ती म्हणते.

पण मेणखात्याची परिस्थिती फार वेगळी होती असं नाही. मेण आधी शहाण्या माणसासारखं वागतं. पांढऱ्या चौकोनी लाद्या येतात, स्वच्छ, निमूट. मग ते पातेल्यात पातेलं ठेवून वितळवायचं, कारण थेट आचेवर ठेवलं तर पेट घेतं. त्यासाठी ढोकळ्याचं पातेलं गेलं. मग मोदकपात्र गेलं. रंग कालवायला चहाचं गाळणं गेलं. काही दिवस आमच्या चहाला गुलाबाचा वास आणि वर चंद्रकोरी होत्या. पॅराफिन मेण साधारण साठ अंशांच्या आसपास वितळतं. दौंडच्या एप्रिलात ते काम निम्मंअधिक सूर्यच करून ठेवतो. तयार पणत्या कपाटात ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत त्यांनी एकमेकींच्या गळ्यात गळा घातलेला असे.

"आमच्या वेळेला एवढंसं मेण वरीसभर पुरायचं," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे मेणाची डबी असे. कपाळाला बोटभर मेण, त्यावर कुंकू. मधमाशीचं मेण ते. लाद्यांनी भरलेल्या दिवाणखान्याकडे बघत त्या पुढे म्हणाल्या, "ह्यात आख्ख्या शिरूर तालुक्याची कपाळं निघतील."

मेण कपड्यावर सांडलं तर काय करायचं, याचा उपाय गटातल्या प्रत्येकीला पाठ होता. आधी बर्फाने गार करून खरवडायचं, मग वर कागद ठेवून इस्त्री फिरवायची, कागद मेण शोषून घेतो. उपाय खरा आहे. कागद कोरा घ्यायचा, एवढंच कुणी सांगितलं नव्हतं. हाताशी वर्तमानपत्र होतं, त्यातलंही नेमकं राशिभविष्याचं पान. मेण गेलं आणि मोतिया रंगाच्या साडीच्या पदरावर कन्या राशीचं भविष्य उलट्या अक्षरांत उमटलं. आरशात वाचलं तर 'जोडीदाराशी मतभेद संभवतात'. आयुष्यात पहिल्यांदा ते सदर अचूक निघालं.

मग बेसिन तुंबलं. वितळलेलं मेण बेसिनमध्ये कुणी ओतलं, यावर गटात अद्याप एकमत नाही. चौकशी समिती नेमली आहे आणि तिची अध्यक्ष तीच आहे जिच्यावर सगळ्यांचा संशय आहे. गरम मेण पाइपात शिरताना पाणीच असतं. पुढच्या गार वळणावर ते आपलं मूळ रूप दाखवतं.

प्लंबरने पाइप उघडून आत बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. "ह्ये काय? मेणबत्त्या पिता का घरात?"

तो यायच्या आधी गार्डसाहेबांनी सुचवलं होतं, की वरून उकळतं पाणी ओता, मेण पुढे सरकेल. ते सरकलं. सरकून तळमजल्याच्या पाइपात गेलं आणि हवालदारसाहेबांच्या बेसिनखाली पुन्हा ठाम झालं. आपल्या दारातली अडचण पुढच्याच्या दारात गेली की आपण तिला 'सुटली' म्हणतो. कचऱ्याच्या बाबतीत सारा देश हेच करतो, आम्ही तर फक्त एक मजला खाली गेलो होतो. हवालदारसाहेब वर आले तेव्हा ते काही बोलले नाहीत. त्यांच्या हातात मेणाचा पाइपाच्या आकाराचा गट्टू होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि गेले. बायकोने त्यात वात घातली. तो सगळ्यांत आधी विकला गेला.

याच काळात सोसायटीच्या ग्रुपवर सफरचंदांचा व्हिडिओ फिरत होता. एक माणूस सुरीने सफरचंद खरवडतो, पांढरा चुरा निघतो आणि मागे भीतीदायक संगीत वाजतं. फळं टिकावीत म्हणून खाण्यायोग्य मेणाचा पातळ थर देतात, तो हा. आमच्या घरात पंचवीस-पंचवीस किलो मेणाच्या राशी असताना, बोटाला मेण, केसाला मेण, कणकेत मेण अशा अवस्थेत गटातल्या सगळ्या बायका मधल्या सुट्टीत एकाग्रतेने सफरचंदं खरवडत बसत. "आजकाल काय पोटात जाईल सांगता येत नाही गं," असं म्हणत त्यांनी ती खरवड मेणाच्याच पातेल्यात टाकली.

दोन्ही खात्यांची गाठ पडली ती मेणाच्या कचऱ्यावरून. काठाचे तुकडे, फसलेल्या पणत्या, चिकटलेल्या वाती. हे कुठल्या बादलीत टाकायचं? गटात मोठी चर्चा झाली. एकीचं मत, मेण गरम असताना ओलं आणि गार झाल्यावर सुकं, म्हणून ज्या वेळी टाकाल त्या वेळचा वर्ग. दुसरी म्हणाली, "मेण मधमाशी करते. म्हणजे नैसर्गिक. म्हणजे काकांचा ड्रम." मधमाशीचं मेण सावकाश का होईना कुजतं, हे खरं. पण आमच्या घरातलं मेण मधमाशीचं नव्हतं, खनिज तेलातून निघालेलं पॅराफिन होतं. त्याचं पेट्रोलशी नातं सख्खं आणि मधमाशीशी फक्त नावापुरतं. हे मी जिना चढून सांगेपर्यंत सगळे तुकडे ड्रममध्ये गेले होते.

ढीग चांगला पेटला की साठ अंशांपर्यंत तापू शकतो. माझा ढीग त्या दिवसापर्यंत कधीच तापला नव्हता. पण वर सूर्य, ड्रम काळा आणि आत दुकानातला गूळ चढलेले जिवाणू, असा योग जुळून आला. मेण वितळलं, झिरपलं, आणि रात्री गार झालं. सकाळी मी झाकण काढलं तर आतली फ्लॉवरची देठं, दोडक्याच्या शिरा, केळ्याची सालं सगळी चकचकीत. प्रत्येकावर पारदर्शक लेप. पाणी आत जाईना, हवा आत जाईना, जिवाणू बाहेरून बघून परत जात. लोणावळ्याला थोरामोठ्यांचे मेणाचे पुतळे आहेत. माझ्याकडे पालेभाजीचं अमर दालन तयार झालं होतं.

पुतण्याने तक्त्यावर लाल खूण केली आणि मूळ कारणाच्या रकान्यात 'काकू' असं लिहिलं. संध्याकाळी ते खोडून तिथे 'काका' लिहिलेलं होतं. अक्षर बायकोचं.

मी मेहुण्याला फोन लावला.

"दाजी, त्यात काय येवढं? कारखान्याच्या प्रेसमडमधीबी मेण अस्तंय की."

तो म्हणाला ते खरं आहे. उसाच्या कांड्यावर हात फिरवला की जी पांढरी पूड हाताला लागते ते उसाचं मेण. रसाबरोबर ते आत जातं आणि रस गाळला की मागे राहणाऱ्या काळ्या गाळात, प्रेसमडमध्ये, उतरतं. शंभर टन ऊस गाळला तर तीन-चार टन प्रेसमड निघतं, आणि त्यातल्या मेणामुळे ते लवकर कुजत नाही. म्हणजे ज्या प्रश्नावर आमचा संसार पणाला लागला होता, तो साखर कारखाने हंगामभर टनांनी तयार करतात.

"मग ते कुजतं कसं?" मी विचारलं.

"आपण काय बघत बसतो व्हय? ढीग मारायचा न् इसरायचं."

निवृत्त माणसाला नेमकं तेच जमत नाही. मी सकाळी उठल्यावर ड्रम उघडत होतो, चहा झाल्यावर उघडत होतो, जेवून उठलो की उघडत होतो. बँकेत तिजोरी उघडायला दोन किल्ल्या आणि दोन माणसं लागत. इथे एकटाच मालक असल्याचा आनंद काही औरच. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते असं आपल्याकडे म्हणतात. म्हण करणाऱ्याला मी दर दोन तासांनी ढवळणार आहे हे माहीत नव्हतं, नाहीतर त्याने चोवीस सांगितली असती.

सासूबाईंना परत सोडायला आम्ही न्हावऱ्याला गेलो, तेव्हा पुढे इनामगावलाही जाऊन आलो. घोड नदीकाठचं हे गाव जगाच्या पुरातत्त्वात प्रसिद्ध आहे. १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी इथे वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि इसवीसनापूर्वी सोळाशे ते सातशेच्या दरम्यानच्या शेतकऱ्यांची वस्ती वर काढली. घरं, रांजण, चुली, जळकं धान्य, खाऊन टाकलेली हाडं. त्यावरून ते जव पिकवत आणि खात, हे आपल्याला कळलं. तीन हजार वर्षांपूर्वी आमच्याच भागातल्या कुणीतरी कचरा जिथल्या तिथे टाकला म्हणून आज प्रबंध लिहिले गेले. त्यांच्या घंटागाडीवर आमच्या मावशी असत्या तर इनामगावात उत्खननाला काही उरलंच नसतं.

"म्हणजे तुमचा ड्रम तीन हजार वर्षांनी कुणाला सापडला तर?" परतताना बायकोने विचारलं.

"लोक म्हणतील, हे फ्लॉवरची पूजा करत."

आमच्या गैरहजेरीत ड्रमला कुणी हात लावला नाही, आणि न्हावऱ्याला पाहुणचार लांबला, म्हणून तो बराच काळ विसरला गेला. परत आल्यावर उघडला तेव्हा खाली काळंभोर, मऊ, मोकळं खत झालेलं होतं. वरचं अमर दालन उचलून बाजूला ठेवलं. ते सुकल्यावर मेणाचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या एकत्र बांधून बायकोने छोट्या पुड्या केल्या. बंब पेटवायला त्या उत्तम चालतात. गार्डसाहेबांकडे अजून तांब्याचा बंब आहे. ते म्हणाले, "एका काडीत पेटतो. कोळशाच्या इंजिनाची आठवण झाली."

खत चाळताना घराचा अलीकडचा इतिहास बाहेर आला. सफरचंदांवरचे गोल स्टिकर, दोडक्याला बांधलेले रबर, कागदी कपांचे आतले पापुद्रे, जसेच्या तसे, आणि चमचे. ज्या चमच्यांवरून घरात दोन कामवाल्या बायकांवर नजर ठेवण्यात आली होती ते सगळे चमचे. बायकोने ते मोजले, घासले आणि एक शब्द न बोलता जागेवर ठेवले. तिचं न बोलणं अजून चालू आहे.

खत तयार झाल्याची बातमी पसरायला वेळ लागला नाही. सगळ्यांत आधी सेक्रेटरी पिशवी घेऊन आले. "सोसायटीची गच्ची, म्हणजे तत्त्वतः..." ते म्हणाले. हवालदारसाहेबांना त्यांच्या मार्गदर्शनाबद्दल हिस्सा हवा होता, गार्डसाहेबांना इंजिन फिरवल्याबद्दल. पाला कोंडून ठेवणारे गृहस्थही आले. मी स्वतःला किती हवं याचा विचार केला तेव्हा लक्षात आलं की आमच्याकडे एकही झाड नाही. टू बीएचकेत तुळस आहे, आणि तिला सासूबाईंनी कचऱ्याचं खत घालू दिलं नसतं.

बायकोने मात्र एक मिनिटही वाया घालवलं नाही. मेणाची रंगीत मोहर मारलेली कागदी पाकिटं तयार झाली. मोहरेला रुपयाचं नाणं वापरलं. पाकिटावर नाव 'काळं सोनं', खाली 'घरच्या घरी, मायेने कुजवलेलं', किंमत किलोला साठ रुपये. दिवाळीच्या स्टॉलवर पणत्या दुपारपर्यंत पुरल्या, पाकिटं सकाळीच संपली. हिशेबात खताची सगळी रक्कम मेणखात्याला जमा झाली. मी हरकत घेतली, तर मला दुसऱ्या ड्रमची मंजुरी मिळाली आणि वर एक चहा. चहाला आता गुलाबाचा वास येत नव्हता. मोगऱ्याचा येत होता.

परवा मेहुण्याचा फोन आला. मागे म्हशींचा आवाज येत होता, म्हणजे तो गोठ्याजवळ उभा असणार, आणि गोठ्याजवळ म्हणजे उकिरड्याला टेकून.

"दाजी, ताईच्या त्या पाकिटातलं खत हिच्या गुलाबाला लई मानवलं. आजून दोन पाकिटं धाडा. पैसं सांगा किती ते."

"अरे, त्यात निम्मं पाचट तुझंच आहे! आणि तुझ्या दारात घराएवढा उकिरडा पडलाय की!"

"त्यो हाय वो," मेहुणा म्हणाला. "पन त्यो सुट्टा हाय."